स्वयंसेवक कोणास म्हणावे?

‘स्वयंसेवक’ हा शब्द आपल्याकडे मोठ्या मानाचा आहे. जत्रेत हरवलेले पोर आईच्या हाती आणून देणारा, पूर आला म्हणजे कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दोर धरणारा, वारीच्या वाटेवर पाणी वाटणारा, हे सारे आपण या एका शब्दात बसवितो. स्वयंसेवकाला आपण मजुरी विचारीत नाही आणि तोही ती मागत नाही. त्याने मागितलीच तर आपल्याला ओशाळल्यासारखे होते.

पण शब्द मानाचा असला म्हणजे त्याच्या आड पुष्कळ गोष्टी लपविताही येतात. आरोग्याच्या क्षेत्रात हा शब्द अगदी निरनिराळ्या माणसांना लावला जातो. शिबिरात जाऊन रक्त देणारा तरुण. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याकडे आठवड्यातून दोन तास जाऊन बसणारी बाई. पाळी संपल्यावर आपल्याच संघटनेच्या इस्पितळात मलमपट्टी करणारा खाणकामगार. आणि वर्षाचे बारा महिने गावातील गरोदर बायांची, तान्ह्या मुलांची, क्षयरोग्यांची नोंद ठेवून त्यांच्या दाराशी जाणारी ‘आशा’ सेविका. चौघांनाही आपण स्वयंसेवक म्हणतो. पण चौघांचे काम एका जातीचे नव्हे. कामगार चळवळीत ज्याचे आयुष्य गेले त्याला शब्दांची ही सरमिसळ ताबडतोब खुपते. ‘बदली’, ‘हंगामी’, ‘शिकाऊ’ अशा नावांखाली कायमचे काम वर्षानुवर्षे कसे करवून घेतले जाते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. म्हणून आरोग्याच्या कामात स्वयंसेवकाचे स्थान कोणते आणि ते स्थान कोठे संपते, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

संकटकाळचा स्वयंसेवक प्रथम घेऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले आणि काही महिन्यांतच साथ पुण्यास पोहोचली. घरझडत्या, सक्तीची तपासणी, रोग्याला उचलून नेणे यांमुळे लोक रोगाइतकेच उपायालाही भिऊ लागले. त्या दिवसांत सावित्रीबाई फुले यांनी आपले दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांच्या साहाय्याने हडपसरजवळच्या माळावर, वस्तीबाहेर दवाखाना चालविला. रोग्यांना तेथवर आणण्याच्या कामात त्या स्वतः उतरल्या. त्यांचे वय त्या वेळी ६६ वर्षांचे होते. त्याच कामात त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. अशा सेवेचे मोल कोणी ठरवू नये आणि कोणाला ते ठरविताही येणार नाही.

परंतु यातून एक चुकीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. माणसे अशी धावून येतातच, मग कायमची व्यवस्था कशाला, असे म्हटले जाते. आग लागली म्हणजे सारी आळी बादल्या घेऊन धावते, म्हणून शहराने बंब ठेवू नयेत असे आपण म्हणत नाही. संकटात धावणारा स्वयंसेवक हा व्यवस्थेची उणीव काही दिवस भरून काढतो. ती उणीव कायमची भरणे हे त्याचे काम नव्हे.

आता रक्तदानाकडे वळू. आपल्या देशात पैसे घेऊन रक्त विकणारे लोक पूर्वी पुष्कळ होते. पोटासाठी रक्त विकणारा माणूस आपला आजार सांगत नाही, कारण सांगितला तर त्याचे रक्त घेणार नाहीत. शरीर भरून येण्यापूर्वीच तो पुन्हा दुसऱ्या दाराशी उभा राहतो. त्यामुळे देणाराही खंगतो आणि घेणाऱ्याच्या अंगात रोग जातो. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निकालानंतर हा व्यवहार बंद करण्याचे ठरले आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताच्या विक्रीला बंदी आली. या प्रश्नाचा मूलभूत अभ्यास इंग्लंडात रिचर्ड टिटमस यांनी केला. हा गृहस्थ विमा कंपनीत कारकून होता. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. तरी स्वतःच्या वाचनाच्या बळावर तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक झाला. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने इंग्लंड आणि अमेरिका यांची तुलना केली आणि दाखवून दिले की जेथे रक्त दान म्हणून मिळते तेथे ते बाजारातल्या रक्ताहून अधिक सुरक्षित असते.

म्हणजे येथे पैसा आला की काम बिघडते, ही गोष्ट खरी आहे. पण ती कोणत्या कामाविषयी खरी आहे तेही पाहिले पाहिजे. निरोगी पुरुष तीन महिन्यांतून एकदा आणि स्त्री चार महिन्यांतून एकदा रक्त देऊ शकते. त्याला तासभर लागतो. दाता चहा-बिस्किट घेऊन आपल्या कामाला निघून जातो. त्याची चूल त्या रक्तावर पेटत नसते. पुढच्या वेळी तो आला नाही तर त्याला कोणी कारण विचारीत नाही. हे शुद्ध दान होय आणि ते दानच राहिले पाहिजे.

तिसरे उदाहरण केरळातले आहे. कर्करोग, अर्धांगवायू, म्हातारपणाची दुखणी यांनी ज्यांची शुश्रूषा वर्षानुवर्षे करावी लागते अशा रोग्यांसाठी कोझिकोडे येथे १९९३ साली एक संस्था निघाली. वेदना कमी करणे, जखमा धुणे, घरच्यांना धीर देणे हे तिचे काम. थोड्याच वर्षांत एक गोष्ट लक्षात आली की रोगी इस्पितळात येऊ शकत नाही आणि इस्पितळ प्रत्येक घरी जाऊ शकत नाही. तेव्हा मलप्पुरम व आसपासच्या भागांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच मंडळे उभी राहिली. आठवड्यातून निदान दोन तास देण्याची ज्याची तयारी असेल त्याला थोडे शिक्षण द्यावयाचे आणि त्याने आपल्या वस्तीतील रोग्यांकडे जावयाचे. या कामात शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी सर्व प्रकारचे लोक आले. २००८ साली केरळ सरकारने या सेवेचे धोरणच जाहीर केले.

या प्रयोगातली खुबी कामाच्या वाटणीत आहे. जखम बांधणे, नळी बदलणे, वेदनाशामक औषधाची मात्रा सांभाळणे ही कामे पगारी परिचारिका आणि डॉक्टर करतात. स्वयंसेवक रोग्याजवळ बसतो, त्याचे म्हणणे ऐकतो, घरात शिधा आहे की नाही ते पाहतो, पोराची शाळा सुटली असेल तर खटपट करतो, पेन्शनीचा अर्ज भरून देतो. जे काम पैशाने विकत घेता येत नाही तेवढेच त्याच्याकडे ठेवलेले आहे. परिचारिकेचा पगार वाचविण्यासाठी त्याला कोणी बोलाविलेले नाही.

चौथे उदाहरण माझ्या जिव्हाळ्याचे, कारण ते कामगारांचे आहे. छत्तीसगडमधील दल्ली राजहरा येथे लोखंडाच्या खाणी आहेत. तेथील कंत्राटी खाणमजुरांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना बांधली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात ११ कामगार मारले गेले. संघटनेने मजुरीचा लढा चालविला, दारूबंदीचा चालविला आणि मग आरोग्याचा प्रश्न हाती घेतला. १९८२ साली एक लहानसा दवाखाना निघाला. ३ जून १९८३ रोजी त्या ११ जणांच्या स्मरणार्थ ‘शहीद अस्पताल’ सुरू झाले. त्याची उभारणी मजुरांनी श्रमदानाने आणि वर्गणीने केली. डॉक्टर बाहेरून आले. पण रोग्यांची नोंद, ड्रेसिंग, इंजेक्शन, औषधे देणे ही कामे शिकून घेण्यासाठी कामगारच पुढे आले. दिवसा खाणीत घण मारावयाचा आणि पाळी संपली की इस्पितळात उभे राहावयाचे, असा त्यांचा क्रम होता. १९९१ च्या सप्टेंबरात भिलाई येथे नियोगींचा खून झाला. इस्पितळ मात्र बंद पडले नाही.

या चारही उदाहरणांत काही गोष्टी समान आहेत. पहिली अशी की स्वयंसेवकाच्या पोटापाण्याची सोय अन्यत्र झालेली असते. दल्ली राजहऱ्याचा कामगार संध्याकाळी फुकट राबू शकला, कारण दिवसाच्या मजुरीसाठी तो आधी लढला होता. दुसरी अशी की त्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा असते. तिसरी अशी की कामाची अखेरची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी असते. तो आला नाही म्हणून बाळ मरत नाही, लस चुकत नाही. आणि चौथी, या कामाचा मालक तो स्वतः किंवा त्याचा समाज असतो. वरून आलेल्या तक्त्यातले रकाने भरण्यासाठी तो राबत नसतो. या चार खुणा ध्यानात ठेवून आता आपण गावच्या आरोग्यसेविकेकडे जाऊ.

गावातल्याच माणसाला थोडे शिकवून आरोग्याचे काम सोपवावे, ही कल्पना मोठी मोलाची आहे आणि तिच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. चीनमध्ये १९६५ नंतर ‘अनवाणी डॉक्टर’ लाखोंच्या संख्येने तयार झाले. त्यांची कथा सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते. ते फुकट काम करीत नसत. शेतावर राबणाऱ्याला कम्यूनकडून जसे श्रमाचे गुण मिळत आणि त्यांवर धान्य व पैसा मिळे, तसेच गुण दवाखान्यातल्या कामासाठी त्यांनाही मिळत. पुढे कम्यून मोडली, गुणांची पद्धत गेली आणि अनवाणी डॉक्टरांचा पायाच निघून गेला. १९८५ साली ते नावही रद्द झाले.

आपल्याकडे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले. बाहेरून नेमलेल्या नर्सबाई खेड्यात रुजत नाहीत, गावच्या बाया त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत, हे त्यांना दिसून आले. तेव्हा त्यांनी गावकऱ्यांनाच बाई निवडावयास सांगितले. निवडून आलेल्यांत पुष्कळ जणी निरक्षर होत्या, दलित होत्या. त्यांनी बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय यांचे ज्ञान तोंडी शिकून घेतले आणि घरोघर नेले. ज्या दारात त्यांना पूर्वी उभे करीत नसत त्याच दारातून त्यांना बोलावणी येऊ लागली. १९७८ साली आल्मा-आटा येथे जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा काढला, त्याच्या पाठीशी अशा प्रयोगांचा अनुभव होता.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हा विचार शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिला. ३९ गावांत अर्भकांची काळजी घेण्यासाठी गावच्याच स्त्रियांना शिकविण्यात आले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि वेळ पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे त्या शिकल्या. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात अर्भकांचा मृत्युदर हजारी २५.५ वर आला. तुलनेने पाहता ही घट ६२ टक्क्यांची होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. या आरोग्यदूतांना त्यांच्या कामानुसार मोबदला दिला जात असे, हीही गोष्ट येथे नोंदवून ठेवली पाहिजे.

सरकारने ही कल्पना दोन वेळा उचलली. प्रथम २ ऑक्टोबर १९७७ रोजी. हजार वस्तीला एक आरोग्य कार्यकर्ता, तीन महिन्यांचे शिक्षण, महिना ५० रुपये मानधन, अशी ती योजना. निवडलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते. थोड्याच काळात हे कार्यकर्ते संघटित होऊन वेतन मागू लागले. १९८० साली योजनेचे नाव बदलून त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणण्यात आले, आणि १९८१ साली पुन्हा बदलून ‘आरोग्य मार्गदर्शक’. नाव दोनदा बदलले. मानधन ५० रुपयेच राहिले. पुढे केंद्राने योजनेतून हळूहळू अंग काढून घेतले आणि ती कोरडी पडली. फुकटाच्या पायावर कायमची इमारत उभी राहत नाही, याचा हा आपल्या घरचा पुरावा.

दुसऱ्यांदा २००५ साली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यात ‘आशा’ आली. हजार वस्तीमागे एक, गावातच राहणारी, २५ ते ४५ वयाची, साधारण आठवी शिकलेली स्त्री. ती मानसेवी स्वयंसेविका, तिला पगार नाही, प्रत्येक कामामागे ठरलेला मोबदला, असे योजनेत लिहिलेले होते. आठवड्यातून चार दिवस, दिवसाला दोनतीन तास, एवढ्या कामाची अपेक्षा होती. देशभरात अशा सुमारे दहा लाख स्त्रिया कामाला लागल्या. त्यांनी काय केले हे सांगावयास नको. बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या, लसीकरणाची गळती कमी झाली, क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्याच्या दाराशी कोणीतरी उभे राहू लागले. २०२० साली करोनाच्या साथीत, दारे बंद करून बसण्याची आपल्याला मुभा होती तेव्हा, त्या घरोघर फिरून ताप मोजीत होत्या. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जाहीर गौरव केला.

आता आपल्या चार खुणा लावून पाहा. तिची चूल दुसरीकडे पेटते काय? ज्या घरी दुसरी कमाई आहे तेथे पेटत असेल. पण विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांनाही या कामात मुद्दाम घेतलेले आहे, त्यांचे काय? तिला ‘नाही’ म्हणता येते काय? तालुक्याच्या एका बैठकीत मी विचारले की रजा मागितली तर काय उत्तर मिळते. बाया हसू लागल्या. रजा नोकराला असते, तुम्ही तर स्वयंसेविका आहात, असे उत्तर मिळते म्हणाल्या. आणि सर्वेक्षणाचे काम नाकारले तर? मग नोटीस येते. म्हणजे हक्क मागताना ती स्वयंसेविका आणि जाब विचारताना ती नोकर. तिसरी खूण, जबाबदारीची. रात्री कळा सुरू झालेल्या बाईबरोबर दवाखान्यात जाणारी तीच. ती गेली नाही तर तिच्याऐवजी जावयास दुसरे कोणी नाही. आणि चौथी, काम कोणाचे? तक्ते वरून येतात, मुदत वरून येते, मोबाइलमध्ये माहिती भरण्याचे हुकूम वरून येतात. चारही खुणा नापास होतात. हे काम आहे, आणि काम म्हटले की त्याला वेतन आले.

मोबदल्याच्या पद्धतीतही एक मोठी गोम आहे. विडी कामगाराला हजारी विड्यांवर मजुरी मिळते, तशी ही नगावरची मजुरी आहे. एक हिशेब करून पाहू. २०११ साली नवजात बाळाच्या घरभेटींची योजना देशभर लागू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे. अशा सहा भेटी पुऱ्या झाल्या म्हणजे २५० रुपये. भेटीमागे पुरते ४२ रुपयेही होत नाहीत. हजार वस्तीच्या गावात वर्षाला १५ जन्म धरले तर ९० भेटींचे ३,७५० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ३१२ रुपये. विडी वळणारीने हात जलद चालविला तर तिच्या विड्या तरी वाढतात. आशेने कितीही मन लावून काम केले तरी गावात जास्त बाळे जन्मणार नाहीत. उलट कुटुंबनियोजन नीट समजावले तर कमीच जन्मतील. क्षयाच्या रोग्याचा उपचार पुरा करवून घेतल्याबद्दल मोबदला आहे. पण गावातून क्षय गेला तर तो मोबदलाही जाईल. गाव जितके निरोगी तितकी तिची कमाई कमी! रोग टाळणे हेच ज्या कामाचे सार आहे ते काम नगावर मोजणे म्हणजे मुळातच उलटा हिशेब.

हा उलटेपणा सरकारलाही थोडाबहुत उमगला असावा. म्हणून नेमलेल्या कामांसाठी महिन्याची ठराविक रक्कम देण्यात येऊ लागली. केंद्राने ती २०१८ साली १,००० वरून २,००० रुपये केली आणि २०२५ साली ३,५०० करण्याचा निर्णय जाहीर केला. महाराष्ट्रात २०२१ च्या जूनमध्ये आशांनी संप केला, २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा केला, आणि २०२४ साली मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडले, तेव्हा त्या वर्षीच्या मार्चमध्ये राज्याने ५,००० रुपयांची मासिक वाढ मान्य केली. यात कोणाची मेहेरबानी नाही. ज्यांना आपण संघटनेच्या दृष्टीने दुबळ्या समजत होतो त्या खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांनी ते मिळविले. पण रक्कम वाढली तरी नाव तेच राहिले, आणि नाव तेच राहिले म्हणून भविष्यनिर्वाह निधी, बाळंतपणाची रजा, निवृत्तिवेतन हे प्रश्न उंबरठ्यावरच थांबले. जी गावच्या प्रत्येक बाळंतिणीची काळजी घेते तिच्या स्वतःच्या बाळंतपणाची रजा हक्काने कोण देणार, याचे उत्तर ‘स्वयंसेविका’ या शब्दात नाही.

कायद्याचे पाऊल धीमे असले तरी पडले आहे. २०१३ साली ४५ व्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांच्या बैठकीतून अशी शिफारस झाली की योजनांवर राबणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा मिळावी. अंगणवाडी सेविकांविषयी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की त्यांची पदे सरकारी सेवेतील मुलकी पदे नव्हेत. त्याच न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी निर्णय दिला की १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना लागू आहे; मानधन हे नाव दिले म्हणून ते वेतन नाहीसे होत नाही. हा निकाल आशांविषयी नाही. पण त्यातला विचार त्यांच्या दाराशी येऊन उभा आहे.

याच्या उलट बाजूने जे बोलले जाते त्याचाही प्रामाणिक विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की पगार आला म्हणजे सेवाभाव आटतो. परिचारिका पगार घेते, डॉक्टर घेतो, शाळामास्तर घेतो. त्यांच्यातले जे कामचुकार आहेत ते पगारामुळे झालेले नाहीत आणि जे जीव ओतून काम करतात त्यांचा जीव पगाराने कमी झालेला नाही. सेवाभावाची ही अट खालच्या पायरीवरच्या स्त्रीलाच का घालावी? घरातले बाईचे काम आपण कधी कामात धरले नाही. तेच घरातले काम गावात नेले आणि तेथेही धरले नाही, एवढाच याचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ती सरकारी नोकर झाली की गावाची राहणार नाही, वरच्या साहेबाकडे तोंड करून उभी राहील, असे म्हणतात. ही भीती खोटी नाही. पण आज पगार नसतानाही तिचे तोंड वरच्या तक्त्यांकडेच वळविलेले आहे. तिला गावाशी बांधून ठेवावयाचे तर उपाय उपाशी ठेवणे हा नव्हे. निवड ग्रामसभेत खरोखर व्हावी, गावच्या आरोग्य समितीच्या बैठका कागदावर न होता चावडीवर व्हाव्यात, तिच्या कामाचा ताळेबंद गावापुढे मांडला जावा. गडचिरोलीच्या अनुभवाने दाखविले आहे की मोबदला आणि गावाची आपुलकी एकत्र नांदू शकतात.

तिसरा आक्षेप पैशाचा. दहा लाख स्त्रियांना वेतन द्यावयाचे म्हणजे खर्च मोठा, यात संशय नाही. पण तो खर्च आज होत नाही असे थोडेच आहे? तो होतोच, फक्त सरकारच्या खात्यावर न पडता त्या दहा लाख घरांच्या खात्यावर पडतो. आपण सारे मिळून जो भार उचलावयाचा तो सर्वांत गरीब घरांवर टाकला आहे, एवढेच.

मग खऱ्या स्वयंसेवकाला काहीच काम उरत नाही काय? उलट, कामाची नीट वाटणी झाली म्हणजेच त्याचे स्थान उजळून दिसते. रक्त द्यावे. वस्तीतील खाटेवरच्या रोग्याकडे ठरलेल्या दिवशी जावे; शहरातल्या चाळी गेल्या आणि इमारती आल्या, तेव्हापासून हे काम पूर्वीहून अधिक गरजेचे झाले आहे. खेड्यातून मोठ्या इस्पितळात आलेला माणूस केसपेपरच्या रांगेत गांगरून जातो. त्याला खिडकी दाखवावी, चिठ्ठी वाचून द्यावी, रात्रीपुरता आसरा शोधून द्यावा. आणि एक काम विशेष आपल्यासारख्या नागरिकांचे आहे, ते म्हणजे देखरेखीचे. २००७ साली महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख करण्याचा उपक्रम सुरू झाला. दवाखान्यात औषधे आहेत काय, डॉक्टर हजर असतात काय, बाळंतिणीकडून पैसे उकळले जातात काय, हे गावकऱ्यांनी पाहावयाचे, नोंदवावयाचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांच्या तोंडावर मांडावयाचे. हे काम पगारी माणसाने करून चालणार नाही. ज्याचा पगार त्याची बाजू, असे होईल. येथे स्वयंसेवकच पाहिजे.

लष्कराच्या भाकऱ्या भाजणे ही म्हण आपण थट्टेने वापरतो. ज्याला हौस आहे आणि ज्याच्या घरी पीठ आहे त्याने त्या खुशाल भाजाव्यात. पण लष्कर कायमचे आहे, भूक रोजची आहे, आणि भाकऱ्या भाजणारीच्या घरी पीठ नाही, अशी स्थिती असेल तर तिला स्वयंपाकीण म्हणून नेमणे आणि वेतन देणे हाच न्याय होय. आपल्या भागात आशा कोण आहे, तिला महिन्याला काय मिळते आणि ते वेळेवर मिळते की नाही, एवढी चौकशी येत्या आठवड्यात प्रत्येकाने करावी. उत्तर समाधानाचे नसेल तर आपल्या नगरसेवकाला, जिल्हा परिषद सदस्याला, आमदाराला दोन ओळींचे पत्र लिहावे. त्या पत्राला लागणारा वेळ मात्र आपण विनामूल्य द्यावयाचा आहे.